रिंगणातल्या तीन हाका

बोसारनमध्ये जन्मलेल्या कुणालाही रिंगणात पाठ मोकळी ठेवून उभं राहायला सांगा, तो आधी तुम्हाला वेड्यात काढेल आणि मग सरळ घरी निघून जाईल. आमची वाडी ती केवढी, अकरा घरं, एक प्रार्थनाघर, एक पाण्याचा पंप. घरांच्या वरच्या अंगाला ते मातीचं गोल रिंगण. कुणी रचलं ते देवालाच ठाऊक. पुरुषभर उंचीचा बांध, बाहेरून खंदक, आतल्या बाजूनं बसायला मातीच्याच पायऱ्या, आणि मधोमध सपाट गवत. वर्षभर पायऱ्यांवर मेंढ्या बसतात, आणि जुलैतल्या सणाच्या सोमवारी आम्ही.

फार पूर्वी तिथं देवादिकांचे खेळ व्हायचे, तीन-तीन दिवस चालायचे म्हणे. नट कोण, तर आमच्यासारखेच, कथलाच्या खाणीतले आणि जाळी ओढणारे. अक्षरशत्रू सगळे. त्यांना कसलं पाठांतर होतंय? म्हणून एक माणूस हातात पोथी घेऊन बोलणाऱ्याच्या अगदी पाठीशी उभा राहायचा, कानात हळूच सांगायचा, आणि पुढचा तेच मोठ्यानं म्हणायचा. पुढे खेळ बंद पडले. ज्या भाषेत व्हायचे ती बोलणारं माणूसही उरलं नाही. पण खेळ संपला हे त्या पोथीवाल्याला कुणी सांगितलंच नाही, असं माझी आई म्हणायची, आणि म्हणताना हसायची नाही.

म्हणून आमच्यात रीत आहे. मधल्या गवतावर जायचं असेल तर मागे रक्ताचं माणूस उभं करायचं, त्यानं खांद्यावर हात ठेवायचा, म्हणजे ती जागा रिकामी राहत नाही. उन्हाळ्यात प्रवचनकार तिथं प्रवचन करतात तेव्हा तेसुद्धा भावाला मागे उभं करतात. वाऱ्याला आडोसा म्हणून, असं सांगतात. सांगोत बापडे.

आता हाकेचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावरूनच घडलं. ज्या बाईचा नवरा परमुलखात गेला आणि सात वर्षं पूर्ण झाली तरी परतला नाही, तिनं सणाच्या सोमवारी ऐन दुपारी रिंगणात उभं राहून त्याला तीन हाका मारायच्या. तिन्ही हाकांनंतर ती गप्प राहिली तर तो गेला असं धरायचं, आणि बाई मोकळी. पण तिच्या तोंडून भलतंच काही निघालं, तर ते उत्तर. माझ्या लहानपणी मॅली नावाच्या बाईनं तिसरी हाक मारली आणि पाठोपाठ तिच्याच तोंडून ‘थांब’ असा शब्द आला, घोगरा. तिला स्वतःला तो ऐकूसुद्धा आला नाही. त्याच साली शरदात तिचा नवरा एका पायावर घरी आला. तेव्हापासून या रीतीला नावं ठेवायची कुणाची छाती झाली नाही.

माझी धाकटी बहीण एबट. आईबाप लवकर गेले, तिला मीच वाढवली. तिनं लग्न केलं पेथरिक कीस्टशी, माझं न ऐकता. दिसायला राजबिंडा, आणि प्यायला की जनावर. एका संध्याकाळी त्यानं तिचं मनगट चुलीच्या दगडावर आपटून मोडलं. मी दोन फळ्या लावून ते बांधलं, आणि लोकांना आम्ही सांगितलं की ती जिन्यावरून पडली. आम्हा तिघांशिवाय हे कुणालाही ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी तो मेक्सिकोच्या चांदीच्या खाणीवर गेला, तेव्हा मी देवाचे आभार मानले, तेही गुडघे टेकून. पहिल्या साली त्याची दोन पत्रं आली. त्याला लिहिता येत नव्हतं, कुणाकुणाच्या हातापाया पडून लिहून घ्यायचा, त्यामुळे दोन्हीचं अक्षर वेगळं. मग सगळं शांत.

चार वर्षं गेली आणि एबटच्या आयुष्यात हॅनिबल नानकिव्हेल आला. नाव ऐकून कुणी सेनापती डोळ्यांपुढे आणू नका. सडपातळ, लाजरा, खाणीतला गडी. एबटच्या परसातल्या कोबीला पाणी घालायला यायचा आणि कोबीशीच बोलत बसायचा. वाडीनं त्याला कोबीचा नवरा म्हणून चिडवून हैराण केलं. तो नुसता लाल व्हायचा. तिचा जीव जडला त्याच्यावर, मला दिसत होतं. पण तो उंबऱ्याच्या आत कधी आला नाही आणि ती त्याच्या घरी कधी गेली नाही. नवरा जिवंत की मेला हे माहीत नसलेल्या बाईला आमच्याकडे तेवढंच.

पाचवं वर्ष सरत आलं तेव्हा, जूनमध्ये, मी बाजाराला शहरात गेले होते. टपाल कचेरीत विचारलं तर कारकुनानं एबटच्या नावाचं पत्र हातात ठेवलं. परदेशी तिकीट. अक्षर अनोळखी. जिवंत आहे मेला, आणि आता तिला बोलावतोय, नाहीतर स्वतः येतोय, दुसरं काय असणार? घरी येईपर्यंत वाटेत मी त्या पत्राला दहा वेळा हात लावला आणि एकदाही उघडलं नाही. उघडलं असतं तर त्यात काय आहे ते मला कळलं असतं, आणि एबटनं विचारल्यावर खोटं बोलावं लागलं असतं. खोटं बोलणं पाप. न वाचता जाळलं तर मला काही ठाऊकच नाही, म्हणजे खोट्याचा प्रश्न येत नाही. असा हिशेब मी केला, प्रार्थनाघरात पहिल्या बाकावर बसणाऱ्या बाईनं. पत्र चुलीत घातलं आणि वर मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या भाजायला ठेवल्या.

पुढच्या दोन वर्षांत हॅनिबलला खाणीचा खोकला लागला. आधी कोरडा, मग रक्ताचा. सातव्या वर्षी वसंतात डॉक्टरनं त्याला तोंडावर सांगितलं की नाताळ बघशील असं धरून चालू नकोस. एबट माझ्याकडे आली ती रडत नव्हे. म्हणाली, जुलैत सात वर्षं पूर्ण होतायत, मी हाक मारणार. तो एकटा त्या खोपटात मरणार आणि मी शेजारीण म्हणून दारातून बघणार, हे मला जमायचं नाही. मला त्याच्या घरात जायचंय, त्याची बायको म्हणून.

मग तिनं मला मागे उभं राहायला सांगितलं. दुसरं सांगणार कुणाला? रक्ताचं माणूस मीच एक. मी नाही म्हणाले तर हाकच नाही, आणि हो म्हणाले तर ज्याचं पत्र मी हातात धरलं होतं त्याला हाक जाणार. उत्तर आलं की संपलं, हॅनिबल एकटाच मरणार. त्या आठवड्यात तिला खरं सांगून टाकावं असं मला रोज सकाळी वाटायचं आणि दुपारपर्यंत धीर सुटायचा. शेवटी मनाशी म्हटलं, दोन वर्षं झाली, मेलाही असेल एव्हाना. आणि हो म्हणून बसले.

सोमवारी लख्ख ऊन होतं. सगळी वाडी पायऱ्यांवर, मांडीवर केशराचे पाव, पोरांना दटावून गप्प केलेलं. हॅनिबल सगळ्यांत खालच्या पायरीवर, जुलैत अंगावर घोंगडी. आमच्यातले सगळ्यांत म्हातारे डिगरीकाका, रीत तेच चालवायचे. त्यांनी एबटला मध्ये उभं केलं, मला तिच्या मागे, आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

“ऑनर, हिचं काही तुझ्याकडे आहे का?”

“नाही,” मी म्हणाले. नव्हतंच. चुलीतली राख मी दोन वर्षांपूर्वीच उकिरड्यावर टाकली होती.

काका मागे सरले. एबटनं पहिली हाक मारली, पूर्वेला तोंड करून. “पेथरिक कीस्ट, आहेस का?” वर चंडोल गात होता, तो तेवढा थांबला. दुसरी हाक पश्चिमेला, समुद्राकडे. काही नाही. माझा हात तिच्या खांद्यावर होता. तिसरी हाक तिनं समोर बघून मारली आणि ती गप्प झाली. काका हळूहळू आकडे मोजत होते, वीसपर्यंत मोजायचे असतात. अकरा, बारा. माझा जीव भांड्यात पडायला आला होता.

तेव्हा माझ्या मागे कुणीतरी बोट ओलं करून पान उलटलं.

तुम्ही म्हणाल वारा. वारा नव्हता. मग कुजबुज सुरू झाली, अगदी माझ्या मानेशी. वाचणाऱ्याची कुजबुज, एका सुरात, ओळ संपली की थोडी थांबणारी. शब्द मला कळत नव्हते, आमचे नव्हतेच ते. पण प्रत्येक ओळ माझ्या कानात शिरायची आणि पुढे एबटचं तोंड उघडायचं. माझ्या अंगातून काहीतरी पाण्यासारखं पुढे जात होतं, खांद्यावरच्या हातातून. हात काढायचा म्हटलं तर बोटं उघडेनात. आणि मागे वळून बघायची हिंमत, देवा शपथ, मला झाली नाही.

“श्रीमती कीस्ट यांस,” एबट म्हणाली. आवाज तिचाच, पण त्यात ती नव्हती. शाळेतलं पोर धडा वाचतं तसं ती वाचत होती. “आपली माझी ओळख नाही. कळवण्यास दुःख होतं की आपले पती पेथरिक फेब्रुवारीच्या नऊ तारखेला तापानं वारले. आम्ही आपल्याकडच्या चौघांनी मिळून त्यांना इथल्या टेकडीवर पुरलं. शेवटचे दोन दिवस ते शुद्धीवर होते. तुमच्या मनगटाबद्दल पुन्हापुन्हा बोलत होते. मला त्याचा अर्थ कळला नाही, तुम्हाला कळेल असं म्हणाले. आपण आता मोकळ्या आहात आणि मनासारखा संसार करावा, असा त्यांचा निरोप आहे.” मग तिनं पत्राखालची तारीख सांगितली. एप्रिल महिना, दोन वर्षांपूर्वीचा.

इतकी वर्षं ज्या माणसाला मी मनात जिवंत ठेवून घाबरत होते, तो कधीच मातीत गेला होता, आणि त्याच्या मरणाची बातमी मीच पेस्ट्यांखाली जाळली होती.

एबट एवढ्यावर थांबली नाही. तिला खोकला आला. हॅनिबलसारखा नव्हे, धूर घशात गेल्यावर येतो तसा. ती वाकली, डोळ्यांतून पाणी, आणि गवतावर थुंकली ते करडं होतं. पहिल्या पायरीवरच्या बायांनी नाकाला रुमाल लावला. जळक्या कागदाचा वास मलाही आला. मग कुजबुज थांबली आणि माझी बोटं आपोआप सुटली.

पायऱ्यांवर एकच गलका झाला. बाया रडत होत्या, पुरुष टोप्या काढून उभे होते, कुणी हॅनिबलला धरून पुढे आणत होतं. डिगरीकाका मात्र माझ्याकडे आले. पुढचा बोलतो ते मागच्याचं असतं, हे त्यांच्या रक्तातच होतं. त्यांनी मला विचारलं, हे शब्द तुला माहीत होते का? मी बायबलवर हात ठेवून सांगितलं की यातला एक शब्दही मला माहीत नव्हता. खरंच सांगितलं. त्यांचं समाधान झालं. बोट बुडाली असेल, टपाल हरवलं असेल, असं सगळ्यांनी आपापसांत ठरवून टाकलं, आणि मी ठरवू दिलं. मग काकांची नजर मी उभी होते त्याच्या मागे गेली. तिथलं गवत दोन पावलांएवढं दबलेलं होतं आणि पिवळं पडलेलं, बरीच वर्षं ठेवलेला दगड उचलल्यावर खालचं निघतं तसं. माझी पावलं त्याच्या हातभर पुढे होती. काकांनी ते बुटानं पुसायचा प्रयत्न केला आणि मला म्हणाले, घरी जा. तेव्हापासून मी घरात बसले तरी पाठ भिंतीला लावून बसते.

एबटनं पंपावर तोंड धुतलं, बराच वेळ. मग ती माझ्या स्वयंपाकघरात आली. मी चहा ठेवत होते. ती बसली नाही.

“कधी आलं होतं?” तिनं विचारलं.

कशाबद्दल म्हणतेस, असं मी म्हणू शकले असते. नाही म्हणाले. “दोन वर्षं झाली. जूनमध्ये. बाजाराच्या दिवशी.”

“वाचलंस?”

“नाही.”

“का नाही?”

“वाचलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं. मला वाटलं तो तुला बोलावतोय.”

ती माझ्या चुलीकडे बघत राहिली. मला वाटलं आता फोडते माझं डोकं, आणि मी ते फोडून घ्यायला तयार होते. ती फक्त म्हणाली, “दोन वर्षांपूर्वी हॅनिबल रिंगणापर्यंतचा चढ धावत चढायचा, ऑनर.” आणि गेली. चहा तसाच राहिला.

माझ्याच मनगटाचा बदला घ्यावा तशी मी त्या पत्रावर तुटून पडले होते, आणि मनगट तर तिचं होतं. तिचं लग्न मी दोन वर्षं चुलीत ठेवलं, धडधाकट माणसाबरोबरची दोन वर्षं. याला क्षमा कुठं मागायची तेही मला कळेना. प्रार्थनाघरात गुडघे टेकले की मला देव आठवायचा नाही, पान उलटल्याचा आवाज आठवायचा.

ऑगस्टात त्यांचं लग्न झालं. स्तोत्र संपेपर्यंत हॅनिबलला उभं राहवलं नाही, एबटनं त्याच्या काखेत हात घालून त्याला धरला आणि स्वतःच दोघांचं गायली. वाडीनं कोबीचा हार करून त्याच्या दारावर टांगला, तो हसला आणि हसता हसता खोकला. त्यानंतर नऊ आठवडे. रोज मी दूध नेऊन द्यायचे, एबट दारात घ्यायची, कसा आहे विचारलं तर सांगायची. पावसाबद्दल बोलायची, मेंढ्यांबद्दल बोलायची. पत्राचं नाव नाही. डिगरीकाकांना नाही, प्रवचनकारांना नाही, कुणाला म्हणजे कुणालाही तिनं काही सांगितलं नाही. हॅनिबललाही नाही. त्यानं एकदा माझे आभार मानले, तिच्या मागे उभी राहिलीस म्हणून. मी दुधाचं भांडं तिथंच ठेवून पळ काढला.

ऑक्टोबरात एका सकाळी एबटनं निरोप धाडला, एकटी ये. गेले. हॅनिबल गेला होता, डोळे तिनं मिटलेले होते. प्रेताला अंघोळ घालायला शेजारच्या चार बाया आनंदानं आल्या असत्या. तिनं त्यांना बोलावलं नव्हतं. एका बाजूला ती आणि एका बाजूला मी, अशा आम्ही त्याला धुवायला लागलो. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. लग्नाच्या दिवसापासून ती माझ्या इतक्या जवळ आली नव्हती, आणि मला राहवलं नाही. मी म्हणाले, एबट, काहीतरी बोल, शिव्या घाल, हाकलून दे, पण हे गप्प बसणं पुरे कर.

तिनं फडकं पिळलं.

“तू माझ्यासाठी जाळलंस,” ती म्हणाली. “ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माझ्यावर दावा धरून जाळलं असतंस तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं आणि सुटले असते. पण तू माझ्यासाठी जाळलंस. आता मी तुझं काय करू, सांग.”

मी माझं फडकं पुन्हा घमेल्यात बुडवलं. ती म्हणाली की तुझ्या बाजूचा त्याचा हात राहिलाय, कोपरापासून खाली नीट पूस, आणि घमेलं उचलून पाणी बदलायला बाहेर गेली.